रॉकेटच्या फीड लाइनमधली दाबाची आंदोलनं: संगणकावर पहिलं मॉडेल कसं उभं करायचं

१६ मार्च १९६२ रोजी टायटन-२ क्षेपणास्त्र पहिल्यांदा उडालं. दीडेक मिनिटाने ते उभ्या दिशेने थरथरू लागलं, सेकंदाला साधारण ११ वेळा. अर्धा मिनिट हा प्रकार चालला आणि वरच्या टोकाशी थरथरीचा जोर अडीच जीपर्यंत (जी म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण) पोहोचला. क्षेपणास्त्राच्या दृष्टीने हे चालण्यासारखं होतं. पण त्याच रॉकेटवर जेमिनी यानातून माणसं पाठवायची होती आणि त्यासाठी नासाला पाव जीपेक्षा जास्त थरथर नको होती.

या प्रकाराला पोगो म्हणतात. इंजिनाचा जोर किंचित कमीजास्त झाला की रॉकेटचा सांगाडा लांबीच्या दिशेने ताणला-दाबला जातो. त्यामुळे टाकीच्या तळाशी आणि पाइपमध्ये दाब हलतो, पंपात शिरणारा प्रवाह हलतो, ज्वलनकक्षातला दाब हलतो आणि पुन्हा इंजिनाचा जोर हलतो. हे चक्र योग्य वेळ साधून फिरलं तर प्रत्येक फेरीत थरथर वाढत जाते. यातला टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा, म्हणजे ज्वलनकक्षात द्रव फवारणाऱ्या भागापर्यंतचा, रस्ता म्हणजे फीड लाइन. तिचं मॉडेल संगणकावर कसं करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. साधी अवकल समीकरणं आणि पायथन किंवा मॅटलॅबची जुजबी ओळख एवढं भांडवल पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी मदार तिच्यावर आहे. या मॉडेलचं उत्तर पाइपच्या बारीकसारीक भूमितीपेक्षा पंपाच्या तोंडाशी असलेल्या मूठभर वाफेवर जास्त ठरतं. नवखे लोक नेमकी उलटी मेहनत करतात. वळणावळणाचं त्रिमितीय जाळं विणण्यात महिने घालवतात आणि वाफेचा आकडा कुठल्यातरी जुन्या फाइलमधून उचलून टाकतात.

पायरी १: प्रश्न कोणता, ते ठरवा

दोन प्रश्न सर्रास एकत्र केले जातात. पहिला: ही यंत्रणा आपली आपण थरथरू लागेल का? इथे स्थिर प्रवाहाभोवतीचे छोटे चढउतार पाहायचे असतात. समीकरणं रेषीय करता येतात आणि उत्तर वारंवारता व अवमंदन (थरथर किती झपाट्याने विरते) यांच्या रूपात मिळतं. दुसरा: व्हॉल्व्ह फटकन बंद झाला तर दाब किती उसळेल? हा काळाच्या अक्षावरचा, मोठ्या उलथापालथीचा प्रश्न आहे. दोन्हींचे पाइप तेच असले तरी गणित वेगळं, म्हणून दोन मॉडेलं ठेवा. ज्वलनकक्षातली शेकडो-हजारो हर्ट्झची ज्वलन-अस्थिरता हा तिसराच विषय आहे, तो यात आणू नका.

पायरी २: लाइन कागदावर उतरवा

टाकीचं तोंड, पाइप, बेलोज (पाइपचा घडीदार, लवचिक तुकडा), प्री-व्हॉल्व्ह (पंपाआधीचा व्हॉल्व्ह), पंप, पंपापुढचा पाइप, मुख्य व्हॉल्व्ह, इंजेक्टर, ज्वलनकक्ष. प्रत्येकासमोर लांबी, आतलं क्षेत्रफळ, भिंतीची जाडी, स्थिर दाब, दाबातली घट आणि तापमान लिहा. इंधनाची आणि ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची) लाइन, दोन्ही लिहा. एक सोडून द्यायचा मोह होतो, त्याचा किस्सा पुढे येईलच.

उदाहरणासाठी एक काल्पनिक लाइन घेऊ: द्रव ऑक्सिजन, घनता ११४० किलो प्रति घनमीटर, पाइपची लांबी १२ मीटर, आतला व्यास ४० सेंटिमीटर, प्रवाह सेकंदाला ७०० किलो, पंपाच्या तोंडाशी दाब ३ बार. म्हणजे क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मीटर, द्रवाचा वेग सुमारे ५ मीटर प्रति सेकंद आणि पाइपात मावणारा द्रव जवळजवळ १५०० लिटर.

पायरी ३: तीन आकडे काढा

प्रवाह किलो प्रति सेकंदात मोजायचं ठरवलं की सूत्रं फार सुटसुटीत होतात. पाइपच्या प्रत्येक तुकड्याला तीन गुणधर्म असतात.

जडत्व: लांबी भागिले क्षेत्रफळ. आपल्या लाइनचं १२ भागिले ०.१२५७, म्हणजे दर मीटर ९५.५. घनता यात येतच नाही, हे सुरुवातीला खटकतं. पण प्रवाह वस्तुमानात मोजल्यामुळे ती आधीच हिशेबात आलेली असते.

लवचिकता: दाब एकाने वाढवला तर तुकड्यात किती जास्त किलो द्रव मावेल. आकारमान भागिले ध्वनीच्या वेगाचा वर्ग.

रोध: दाबातली घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून छोट्या चढउतारांसाठी रोध हा घटीच्या दुप्पट भागिले प्रवाह इतका येतो. हे 'दुप्पट' विसरलं की अवमंदन निम्मं होतं. नवीन माणसाच्या मॉडेलमध्ये मी सगळ्यात आधी हेच तपासतो. आपल्या पाइपात ०.२ बार घट धरली तर रोध ५७ पास्कल-सेकंद प्रति किलो.

विजेच्या मंडलातली कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्याशी या तिघांचं गणित तंतोतंत जुळतं. मंडल सोडवायचं तयार साधन हाताशी असेल तर बिनदिक्कत वापरा.

पाइपचे तुकडे किती करायचे? ज्या सर्वांत वरच्या वारंवारतेत रस आहे, तिच्या तरंगलांबीचा दहावा भाग हा एका तुकड्याचा कमाल आकार. ५० हर्ट्झपर्यंत पाहायचं आणि ध्वनीचा वेग ७०० मीटर प्रति सेकंद असेल तर तरंगलांबी १४ मीटर, तुकडा १.४ मीटर, म्हणजे नऊ-दहा तुकडे. शंभर करून हाती जास्त काही लागत नाही.

पायरी ४: ध्वनीचा वेग पुस्तकातून जसाच्या तसा घेऊ नका

९० केल्विनच्या आसपास द्रव ऑक्सिजनमध्ये ध्वनी साधारण ९०० मीटर प्रति सेकंद जातो. पण पाइपची भिंतही फुगते, त्यामुळे वेग घटतो. कोर्टवेगची दुरुस्ती अशी: द्रवाच्या आकारमान-दृढतेच्या व्यस्तात व्यास भागिले (भिंतीची जाडी गुणिले पोलादाचा यंग गुणांक) मिळवा, बेरजेला घनतेने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याचा व्यस्त घ्या. ३ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पाइप आणि २०० गिगापास्कल धरले तर ९०० चा आकडा ७१० वर येतो. पुढे ७०० धरू. बेलोज भिंतीपेक्षा बरेच मऊ असतात, त्यांची लवचिकता वेगळी मोजून त्या-त्या जागी जोडा.

आता पहिली परीक्षा. टाकीचं टोक दाब-स्थिर आणि पंपाचं टोक पूर्ण बंद धरा. अशा पाइपची पहिली वारंवारता ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या चौपट, म्हणजे ७०० भागिले ४८, सुमारे १४.६ हर्ट्झ. पुढची त्याच्या तिप्पट, ४३.८. तुमच्या दहा तुकड्यांच्या मॉडेलने पहिली वारंवारता याच्या अगदी जवळ द्यायला हवी. देत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ५: पंपाच्या तोंडाशी वाफ

मुद्दा इथे आहे. टर्बोपंपाच्या पहिल्या पात्यांवर, इंड्यूसरवर, दाब बाष्पदाबाच्या खाली घसरतो आणि वाफेच्या पोकळ्या तयार होतात. पंपाचं काम त्याने अडत नाही. इंड्यूसर हे सहन करण्यासाठीच बनवलेला असतो. पण दाब जरा वाढला की पोकळ्या आकसतात आणि त्यांची जागा द्रव घेतो. म्हणजे पाइपच्या टोकाला एक मऊ स्प्रिंग बसली.

तिची लवचिकता दर बारला १ किलो धरू, पास्कलमध्ये ०.००००१. आपल्या अख्ख्या १२ मीटर पाइपची स्वतःची लवचिकता दर बारला ०.३१ किलो आहे. म्हणजे पात्यांवरची वाफ साऱ्या पाइपच्या तिप्पट मऊ. आता वारंवारता काढा. पाइप नुसतं जडत्व आणि टोकाला नुसती ही स्प्रिंग मानली तर ५.१५ हर्ट्झ येते. पाइपची स्वतःची लवचिकता नीट पसरून घेतली तर ४.९. मघाचे १४.६ कुठल्या कुठे गेले.

हे किती वायूने झालं? ३ बार दाबाला तेवढीच लवचिकता देणारा साधा वायू, १.४ चा घातांक धरून, ३.७ लिटर भरतो. १५०० लिटरच्या पाइपात पाव टक्का. एवढ्याने वारंवारता एक-तृतीयांशावर येते.

आता हाच आकडा निम्मा आणि दुप्पट करून पाहा. निम्म्याला ६.६ हर्ट्झ, दुप्पटीला ३.६. दुसरीकडे, एका तुकड्याच्या आणि पूर्ण पसरलेल्या मॉडेलमधला फरक फक्त पाव हर्ट्झचा होता. वेळ कुठे घालवायचा, हे एवढ्या तुलनेतून कळतं.

हा आकडा येतो कुठून? खात्रीचा मार्ग एकच: पंपाची चाचणी. पंपात शिरणाऱ्या प्रवाहाला मुद्दाम वेगवेगळ्या वारंवारतेचे हलके झटके द्यायचे, आधी-नंतरचे दाब आणि प्रवाह मोजायचे आणि दोन्ही बाजूंना जोडणारं दोन-बाय-दोनचं मॅट्रिक्स काढायचं. ब्रेनन आणि अकोस्टा या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात १९७० च्या दशकात या कामाची घडी बसवली. त्यांच्या मांडणीत लवचिकतेच्या जोडीला दुसरा गुणांकही आहे: प्रवाह बदलल्यावर पोकळ्यांचं आकारमान किती बदलतं. त्याला मास फ्लो गेन फॅक्टर म्हणतात. प्रवाह वाढला की पात्यांवर द्रव येण्याचा कोन बदलतो, पोकळ्या आकसतात आणि ती जागा भरायला प्रवाह आणखी ओढला जातो. म्हणजे हा गुणांक आंदोलनात ऊर्जा ओततो. तो शून्य धरून केलेलं मॉडेल यंत्रणा प्रत्यक्षापेक्षा स्थिर दाखवतं. चाचणी हाताशी नसेल तर दोन्ही गुणांक एका आकड्याऐवजी पट्टा म्हणून घ्या आणि पट्टाभर मॉडेल चालवा.

आणखी एक: हे गुणांक उड्डाणभर एकसारखे राहत नाहीत. टाकीतली पातळी उतरते, रॉकेटचं त्वरण वाढतं, पंपाच्या तोंडचा दाब त्याप्रमाणे बदलतो आणि पोकळ्याही. प्रत्येक क्षणाचा कॅव्हिटेशन आकडा (पंपाच्या तोंडचा दाब बाष्पदाबाच्या किती वर आहे, ते सांगणारं प्रमाण) काढून त्यानुसार गुणांक उचला.

पायरी ६: पंपापासून ज्वलनकक्षापर्यंत

इथे दाब जास्त, वाफ नाही, पाइप आखूड. म्हणून काम सोपं. पंपाचा दाब-गुणक घाला: तोंडाशी दाब थोडा हलला तर बाहेर किती हलतो. हा १ पेक्षा बराच वेगळा असू शकतो, कारण तोंडचा दाब बदलल्याने पंपाची दाब चढवण्याची क्षमताही बदलते. मग पुढच्या पाइपचं जडत्व आणि इंजेक्टरचा रोध. इंजेक्टरवर १५ बार घट धरली तर रोध सुमारे ४३००, मूळ पाइपच्या ५७ समोर अवाढव्य. ५ हर्ट्झला पाइपच्या जडत्वाचा अडथळा ३००० येतो, म्हणजे पाइपातल्या घर्षणातून मिळणारं अवमंदन जेमतेम एक टक्का. घर्षणाचं सूत्र कोणतं वापरावं यावर वाद घालण्यात म्हणूनच अर्थ नाही. ज्वलनकक्षाला काही मिलिसेकंदांचा विलंब लावा. ५ हर्ट्झला तो फारसा जाणवत नाही, पण पुढेमागे ५० हर्ट्झ पाहायला गेलात तर जाणवेल.

पायरी ७: सांगाड्याशी गाठ मारा

सांगाड्याच्या उभ्या कंपनाचे प्रकार संरचना विभागाकडून येतात: वारंवारता, मोडल वस्तुमान (त्या प्रकारात परिणामी हलणारं वस्तुमान), अवमंदन आणि प्रत्येक ठिकाणचं विस्थापन. त्यांच्याशी फीड लाइन दोन जागी जोडायची. पहिली, टाकीचा तळ: तिथला दाब म्हणजे घनता गुणिले द्रवाची उंची गुणिले त्वरण. १० मीटर द्रव आणि दशांश जीची थरथर म्हटली तरी ०.११ बार. दुसरी जागा हमखास सुटते: पंप स्वतः सांगाड्याबरोबर वरखाली होतो आणि द्रवाच्या स्तंभात पिस्टनसारखा घुसतो. तो सापेक्ष वेग गुणिले क्षेत्रफळ गुणिले घनता, हा प्रवाह पंपाच्या तोंडाशी मिळवा. तो गाळला तर मॉडेल बहुतेक वेळा उगाच आश्वस्त करणारं उत्तर देतं.

मग उड्डाणाचा दर काही सेकंदांचा एक क्षण घ्या, सगळी समीकरणं एका मॅट्रिक्समध्ये मांडा आणि आयगनमूल्यं काढा. वास्तव भाग धन आला तर थरथर वाढणार. इंधन जळत जातं तशी सांगाड्याची वारंवारता चढते आणि फीड लाइनची आपल्या वाटेने सरकते. दोन्ही एकाच आलेखावर काढा. त्या जिथे एकमेकींना छेदतात किंवा घसटून जातात, ती धोक्याची वेळ. नुसतं ऋण मूल्य पुरत नाही. चक्राची एकूण प्रवर्धन-क्षमता दुप्पट झाली, म्हणजे ६ डेसिबलने वाढली, तरी यंत्रणा स्थिर राहायला हवी, असा दंडक धरा.

आता तो किस्सा. टायटन-२ वर डिसेंबर १९६२ मध्ये ऑक्सिडायझरच्या लाइनला उभ्या नळ्या जोडून थरथर मोडायचा प्रयत्न झाला. थरथर कमी व्हायची सोडून ५ जीपर्यंत वाढली आणि पहिल्या टप्प्याची इंजिनं वेळेआधीच बंद पडली. ऑक्सिडायझरच्या नळ्यांबरोबर इंधनाच्या लाइनलाही अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाचे झटके गिळणारे साठे, लावले, तेव्हा नोव्हेंबर १९६३ च्या उड्डाणात आकडा ०.११ जीवर आला. एकाच लाइनचं मॉडेल करणाऱ्याला हे संगणकावर कधी दिसलंच नसतं.

पायरी ८: अ‍ॅक्युम्युलेटर बसवून पाहा

उपाय बहुधा एकच असतो: पंपाच्या तोंडाजवळ मुद्दाम वायूचा साठा ठेवायचा, म्हणजे फीड लाइनची वारंवारता सांगाड्याच्या बरीच खाली जाते. ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ मध्ये सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्याने ५ हर्ट्झच्या आसपास पोगो दाखवला. नंतर त्याच्या ऑक्सिजन लाइनच्या प्री-व्हॉल्व्हमधल्या मोकळ्या जागेत हेलियम भरला. वेगळी टाकीही लागली नाही.

आपल्या उदाहरणात दर बारला १० किलोची लवचिकता जोडा. ३ बारला त्यासाठी सुमारे ४४ लिटर हेलियम लागेल. वारंवारता १.५ हर्ट्झवर येते आणि मॉडेल करणारा खूश होतो. पण साठा पाइपला जोडणारी मान मॉडेलमध्ये घेतली का? ती ३० सेंटिमीटर लांब आणि ०.०३ चौरस मीटरची असेल तर तिचं जडत्व १० आणि साठ्याची स्वतःची वारंवारता ५ हर्ट्झ. नेमक्या ५ हर्ट्झला तो दाब अगदी गिळून टाकतो, हे छान. त्याच्या वर मात्र साठा वायूसारखा वागत नाही, जड द्रवाच्या गोळ्यासारखा वागतो आणि यंत्रणेत १६ हर्ट्झच्या वर एक नवी वारंवारता उगवते. सांगाड्याचा दुसरा कंपन-प्रकार तिथेच असला तर एक भूत घालवून दुसरं आणलं. म्हणून मान आखूड आणि रुंद ठेवायची आणि मॉडेलमध्ये तिला नेहमी स्वतंत्र ओळ द्यायची.

पायरी ९: व्हॉल्व्ह बंद करून पाहा

काळाच्या अक्षावरच्या मॉडेलसाठी कॅरॅक्टरिस्टिक पद्धत (दाबाच्या लाटेच्या वाटेवरून पुढे सरकत समीकरणं सोडवणारी) वापरा. काळाची पायरी ही अंतराची पायरी भागिले ध्वनीचा वेग, अगदी तंतोतंत. ती लहान घेऊन मधल्या किमती अंदाजाने भरल्या तर गणितच खोटं अवमंदन घालतं. परीक्षा अशी: घर्षण शून्य, प्रवाह ५ मीटर प्रति सेकंद, व्हॉल्व्ह एका क्षणात बंद. युकोव्हस्कीच्या सूत्राने दाबाची उसळी घनता गुणिले ध्वनीवेग गुणिले वेगातला बदल, म्हणजे सुमारे ४० बार. चौकोनी तरंग दर ६९ मिलिसेकंदांनी पुन्हा यायला हवा आणि दहा फेऱ्यांनंतरही कोपरे गोलावता कामा नयेत. (आपल्या ३ बारच्या लाइनमध्ये परतीच्या लाटेला दाब शून्याखाली जाईल, पण इथे आपण कोड तपासतोय, ऑक्सिजन नव्हे.) खऱ्या गणितात बाष्पदाबाशी द्रवाचा स्तंभ तुटतो. साध्या पोकळी-मॉडेलमध्ये तो पुन्हा जुळताना टोकदार, बनावट उसळ्या दिसतात. त्या जाळं बारीक केल्यावर जागा बदलत असतील तर त्यांवर विश्वास ठेवू नका. व्हॉल्व्ह ३४ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा, सावकाश बंद झाला तर उसळी कमी होते.

पायरी १०: चाचणीशी जुळवणी

इंजिनाच्या जमिनीवरच्या चाचणीतला दाब घ्या आणि मॉडेलशेजारी ठेवा. पण चाचणी-स्टँडची फीड लाइन रॉकेटच्या लाइनहून वेगळी असते आणि स्टँड रॉकेटसारखा लवत नाही. म्हणून आधी स्टँडचं वेगळं मॉडेल करा. तिथे पंपाचे गुणांक ठरवा आणि मग तेच गुणांक रॉकेटच्या मॉडेलमध्ये न्या. जुळवताना फक्त पंपाची लवचिकता आणि मास फ्लो गेन फॅक्टर हलवा. लांबी, क्षेत्रफळ, ध्वनीवेग हे मोजता येणारे आकडे आहेत. आलेख जुळावा म्हणून त्यांना हात लावलात तर उरलेल्या कशावर भरवसा ठेवायचा?

रेषीय मॉडेल थरथर वाढेल की नाही एवढंच सांगतं. कुठे थांबेल ते सांगत नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या दुसऱ्या टप्प्यात मधल्या इंजिनापाशी सुमारे १६ हर्ट्झला अंदाजे ३४ जीची थरथर झाली आणि ज्वलनकक्षातला दाब पडल्याचं ओळखून ते इंजिन दोन मिनिटांहून अधिक वेळ आधीच बंद झालं. आधीच्या उड्डाणांत हाच प्रकार सौम्य दिसून आपोआप विरला होता. एवढ्या जोरात पोकळ्यांची लवचिकता स्थिर राहत नाही, दाबाच्या प्रत्येक फेरीत बदलते. तेव्हा आयगनमूल्यांनी एखाद्या क्षणाला काठावरचं उत्तर दिलं, तर तो क्षण उचलून कॅरॅक्टरिस्टिक पद्धतीच्या मॉडेलमध्ये टाका, पंपाची लवचिकता दर पायरीला त्या क्षणीच्या दाबावरून काढा आणि सांगाड्याला दशांश जीचा धक्का देऊन वीस-तीस सेकंद चालू द्या. मग जीचा आकडा हाती येईल. संरचना विभागाला तोच हवा असतो.